शिशूंमधील लोहन्यूनता : प्रतिबंधाचा काळ आणि वैद्याचे कर्तव्य

पांडुरोगाच्या चिकित्सेत आपल्या शास्त्राची परंपरा समृद्ध आहे. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या सोळाव्या अध्यायात पांडूचे पाच प्रकार वर्णिले आहेत. त्यांत मृद्भक्षणजन्य पांडूला त्यांनी स्वतंत्र स्थान दिले आणि नवायस चूर्ण, पुनर्नवा मंडूर यांसारखे कल्प सांगितले. हे कल्प आजही आपल्या चिकित्सालयांत नित्य योजले जातात. तथापि प्रस्तुत लेखाचा विषय पांडूची चिकित्सा हा नसून त्याचा प्रतिबंध हा आहे, आणि तोही आयुष्याच्या पहिल्या दोन वर्षांतील. या वयात त्वचेची व नखांची पांडुता दिसू लागेपर्यंत थांबणे म्हणजे निम्मी संधी गमावणे होय.

समस्येचे स्वरूप

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील ६ ते ५९ महिने वयाच्या ६७.१ टक्के बालकांत रक्ताल्पता आढळली. महाराष्ट्रात हे प्रमाण ६८.९ टक्के होते. चौथ्या फेरीत (२०१५-१६) तेच ५३.८ टक्के होते. या सर्वेक्षणात बोटाच्या अथवा टाचेच्या रक्तबिंदूवरून मोजमाप झाले असल्याने आकडे काहीसे चढे असावेत, असा आक्षेप घेतला जातो. परंतु शिरेतील रक्त तपासणाऱ्या २०१६-१८ च्या समग्र राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणातही १ ते ४ वर्षे वयाच्या ४१ टक्के बालकांत रक्ताल्पता, तर ३२ टक्के बालकांत लोहन्यूनता आढळली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये ६ ते २३ महिन्यांच्या बालकांसाठी हिमोग्लोबिनची मर्यादा ११ वरून १०.५ ग्रॅमवर आणली. त्यामुळे काही बालके रक्ताल्पतेच्या गणनेतून वगळली जातील. त्यांच्या शरीरातील लोहसाठा मात्र त्यामुळे वाढणार नाही.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. लोहन्यूनता ही अवस्था आधी येते व रक्ताल्पता नंतर. प्रथम साठा संपतो, मग ऊतींना लोह अपुरे पडते आणि शेवटी हिमोग्लोबिन घटते. मेंदूची वाढ याच काळात सर्वाधिक वेगाने होत असते. कोस्टारिकातील शिशूंचा बेट्सी लोझॉफ यांनी अनेक वर्षे पाठपुरावा केला. शैशवात तीव्र व दीर्घकाळ लोहन्यूनता असलेली मुले, उपचारांनी रक्त सुधारल्यानंतरही, पाचव्या वर्षी आणि पुढे अकरा ते चौदा वर्षांच्या वयातही बौद्धिक चाचण्यांत इतरांच्या मागे राहिली. म्हणजे रक्त भरून निघाले, पण गेलेला काळ भरून निघाला नाही. प्रतिबंधाचा आग्रह धरावयाचा तो याचसाठी.

साठा कोठून येतो व केव्हा संपतो

पूर्ण दिवसांच्या नवजात बालकाच्या शरीरात दर किलो वजनामागे सुमारे ७५ मिलिग्रॅम लोह असते. तीन किलोच्या बालकाजवळ सुमारे २२५, तर दोन किलोच्या बालकाजवळ १५० मिलिग्रॅम. हा ठेवा मुख्यतः गर्भावस्थेच्या अखेरच्या तीन महिन्यांत मातेकडून मिळतो. त्यामुळे अपुऱ्या दिवसांचे व कमी वजनाचे मूल जन्मतःच कमी शिदोरी घेऊन येते. पाचव्या महिन्यापर्यंत वजन दुप्पट व वर्षअखेर तिप्पट होत असताना रक्ताचे आकारमानही वाढते, आणि साठा साधारण चार ते सहा महिन्यांत सरतो.

मातेच्या दुधात लिटरमागे सुमारे ०.३५ मिलिग्रॅम लोह असते. त्याचे शोषण उत्तम, जवळजवळ निम्मे होते. तरीही दिवसाला पाऊण लिटर दूध पिणाऱ्या बालकास त्यातून जेमतेम ०.१३ मिलिग्रॅम शोषित लोह लाभते. सहाव्या महिन्यानंतरची गरज मात्र दररोज ०.७ ते ०.९ मिलिग्रॅम शोषित लोहाची असते. पहिले सहा महिने निव्वळ स्तन्यपान हेच सर्वश्रेष्ठ, याविषयी दुमत नाही. त्यानंतर स्तन्यपान चालू ठेवूनच लोहाची वेगळी सोय करावी लागते.

धात्रीद्वारा चिकित्सा : एक महत्त्वाची मर्यादा

सुश्रुताचार्यांनी बालकांचे क्षीरप, क्षीरान्नाद व अन्नाद असे तीन भेद केले. क्षीरप बालकासाठी औषध धात्रीला द्यावे, क्षीरान्नादासाठी धात्री व बालक दोघांना द्यावे आणि अन्नादास ते स्वतः द्यावे, अशी योजना सांगितली आहे. या तत्त्वाच्या आधारे अनेक वैद्य शिशूच्या पांडुतेसाठी केवळ मातेला लोहकल्प देतात. लोहाच्या बाबतीत ही योजना अपुरी ठरते. मातेने घेतलेल्या लोहाने मातेचा पांडू सुधारतो, पण दुधातील लोहाचे प्रमाण त्यामुळे लक्षणीय वाढत नाही, हे आता निश्चित झाले आहे. मातेकडून बालकाला लोह पोहोचविण्याचा मार्ग गर्भावस्थेतच खुला असतो. प्रसूतीनंतर तो जवळपास बंद होतो. म्हणून सहाव्या महिन्यानंतर ‘दोघांना’ या सूत्रातील बालकाचा वाटा प्रत्यक्ष त्याच्याच मुखी गेला पाहिजे.

पहिले द्वार : गर्भिणी

पाचव्या फेरीत देशातील ५२.२ टक्के, तर महाराष्ट्रातील ४५.७ टक्के गर्भवतींत रक्ताल्पता आढळली. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमानुसार गर्भिणीला दुसऱ्या तिमाहीपासून रोज ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असलेली गोळी १८० दिवस, तसेच प्रसूतीनंतरही १८० दिवस दिली जाते. ‘गोळी उष्ण पडते’, ‘मूल मोठे होऊन अडेल’ या समजुतींमुळे ती उशाखाली पडून राहते. या समजुतींना उत्तर देण्याचे सामर्थ्य आपल्याइतके कोणाजवळ नाही, कारण उष्ण-शीताची भाषा आपली आहे. गोळी रात्री जेवणानंतर घ्यावी, चहा व कॅल्शियमच्या गोळीपासून काही तासांचे अंतर ठेवावे, मलावष्टंभ झाल्यास त्याचा उपचार करावा, पण गोळी बंद करू नये. इतके आपल्या तोंडून निघाले तरी पुष्कळ साधेल.

दुसरे द्वार : नाळ

आपले अनेक सभासद लहान प्रसूतिगृहे चालवितात. जन्मानंतर नाळ तत्काळ न बांधता किमान एक मिनिट थांबावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. या अवधीत अपरेतील रक्त बालकाकडे वाहते. मेक्सिको शहरात झालेल्या व २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन मिनिटे थांबल्याने सहाव्या महिन्यात बालकाचा लोहसाठा सुमारे २७ मिलिग्रॅमने अधिक आढळला. या उपायास एक पैसाही खर्च येत नाही. बालकाला श्वासासाठी तातडीची मदत लागत असेल तेव्हा अर्थातच ती प्रथम.

तिसरे द्वार : उष्टावण

सुश्रुत व वाग्भट यांनी अन्नप्राशन सहाव्या महिन्यात सांगितले आहे. काश्यपसंहितेत सहाव्या महिन्यात फलप्राशन आणि दहाव्यात अन्नप्राशन असा क्रम आहे. लोहाचा विचार करता दहाव्या महिन्यापर्यंत थांबणे आज परवडणारे नाही. लोकाचारात मुलाचे उष्टावण सम महिन्यात करतात. सहावा हुकला की ते आठव्यावर जाते. शिवाय कित्येक घरी उष्टावण हा एका दिवसाचा सोहळा ठरतो. खिरीचे बोट चाटवून झाले की मूल पुन्हा दुधावरच.

त्यानंतर मिळणारे अन्नही बहुधा पातळ असते : भाताची पेज, वरणाचे वरचे पाणी, चहात बुडविलेले बिस्किट. वरणाच्या पाण्यात डाळीचे सत्त्व नसते, आणि चहातील टॅनिन उरलेसुरले लोहही बांधून ठेवते. गाय-म्हशीचे दूध लोहात दरिद्री आहे. एक वर्षाच्या आत ते मुख्य आहार म्हणून दिल्यास काही बालकांत आतड्यांतून सूक्ष्म रक्तस्रावही होतो.

नाचणीविषयी आपण सारेच आग्रही असतो. तिचे गुण वादातीत आहेत, पण हिशेब करून पाहावा. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ४.६ मिलिग्रॅम लोह असते. बालकाने दिवसभरात ३० ग्रॅम नाचणी खाल्ली तर १.४ मिलिग्रॅम लोह पोटात जाईल, आणि ५ टक्के शोषण धरले तर ०.०७ मिलिग्रॅम रक्तात उतरेल. गरजेचा हा दशांश होय. म्हणून नाचणी द्यावीच, परंतु तिच्यावर विसंबून राहू नये. धान्ये भिजवून, मोड आणून, आंबवून घेतल्यास फायटेटचे प्रमाण घटते व शोषण सुधारते. सोबत लिंबू वा आमलकीचा रस द्यावा. घट्ट वरण, मऊ खिचडीत शेवगा वा मेथीचा पाला, आणि ज्या घरी मांसाहार चालतो तेथे अंडे, मासळी व थोडी कुस्करलेली कलेजी द्यावी. लोखंडी कढईचा आपला जुना आग्रह निराधार नव्हे. इथिओपियात लोखंडी भांड्यांत शिजविलेले अन्न खाणाऱ्या बालकांत रक्ताल्पता कमी आढळल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले आहे.

चौथे द्वार : शासकीय सिरप

आहारातील उणीव भरून काढण्यासाठी ६ ते ५९ महिन्यांच्या बालकांना आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर सिरप दिले जाते. त्यात २० मिलिग्रॅम लोह व १०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असते. आशा कार्यकर्ती ते घरी पोहोचविते. प्रश्न पुढे उभा राहतो. मल काळा होतो, दातांवर डाग पडतात, मूल एकदा ओकते, आणि माता बाटली फडताळात ठेवून आपल्याकडे सल्ल्यास येते. त्या क्षणी आपण ‘बंद करा, आपले आयुर्वेदिक टॉनिक देऊ’ असे म्हटले की एका वाक्यात सारा कार्यक्रम संपतो.

येथे स्पष्ट बोलणे भाग आहे. बाजारातील बहुसंख्य बालटॉनिके व गुटी ही लोहप्रतिबंधाची औषधे नव्हेत. ज्या बाटलीच्या वेष्टनावर एका चमच्यात मूलद्रव्य स्वरूपात किती लोह आहे हे लिहिलेले नाही, ती सिरपच्या जागी देऊ नये. मंडूर व लोहभस्म यांचे स्थान चिकित्सेत आहे, पण सहा महिन्यांच्या सार्वत्रिक प्रतिबंधासाठी त्यांची मात्रा अद्याप प्रमाणित झालेली नाही. शिवाय त्यांचे नेहमीचे अनुपान मध हे आहे, आणि एक वर्षाच्या आत मध दिल्यास बोट्युलिझमचा धोका संभवतो. औषधालयाच्या गल्ल्यावर एक बाटली कमी विकली गेली तरी चालेल, बालकाचे सिरप सुटता कामा नये.

दात डागाळू नयेत म्हणून सिरप जिभेच्या मागील भागावर सोडावे व वर थोडे पाणी पाजावे. डाग तात्पुरते असतात. काळा मल ही चिंतेची बाब नव्हे, हे आधीच सांगून ठेवावे.

तारतम्य कोठे राखावे

तीव्र ज्वर, अतिसार वा न्यूमोनिया असताना सिरप थांबवून बरे झाल्यावर पुन्हा सुरू करावे. तीव्र कुपोषित बालकात उपचाराच्या आरंभी लोह देत नाहीत, तेथे पोषण पुनर्वसन केंद्राचा क्रम पाळावा. थॅलेसेमिया मेजरमध्ये व वारंवार रक्त चढविलेल्या बालकांत लोह वर्ज्य. गडचिरोली, नंदुरबार, मेळघाट येथील आदिवासी समाजात सिकलसेल आढळतो. लोह देऊनही रक्त न वाढल्यास मात्रा वाढविण्याऐवजी तपासणी करवून घ्यावी. हिवतापाच्या प्रदेशात हिवतापाचा प्रतिबंध व उपचार यांची जोड हवीच. झांजीबारच्या पेम्बा बेटावरील २००६ च्या अभ्यासाने हा धडा दिला आहे. कमी वजनाच्या बालकांना सहा महिन्यांपूर्वीच लोह लागते, त्यांना बालरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. वर्षानंतर जंतनाशकाची जोड द्यावी.

मातेच्या गोळ्या मात्र मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. दहा किलोच्या बालकाने ६० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या गिळल्या तर किलोमागे ६० मिलिग्रॅम होतात, आणि ही मात्रा प्राणघातक ठरू शकते. गोळ्या देताना प्रत्येक औषधविक्रेत्याने हे सांगावे.

जेथे काही उपलब्ध नाही तेथे

जव्हार-मोखाडा, धडगाव-अक्कलकुवा, धारणी-चिखलदरा या भागांतील कुटुंबे, तसेच बीडकडील ऊसतोड कामगार, वर्षाचे कित्येक महिने गावाबाहेर असतात. अंगणवाडीचा आहार व आशाची भेट गावातच राहते. सिरपची बाटली ५० मिलिलिटरची असते. आठवड्याला दोन मिलिलिटर या हिशेबाने ती पंचवीस आठवडे पुरते, म्हणजे एक संपूर्ण गळीत हंगाम. कुटुंब निघण्यापूर्वी ती बाटली व आठवड्याचे दोन ठरलेले वार मातेच्या पदरी बांधून दिले, तर तेवढ्याने एका बालकाचा हंगाम सुरक्षित होतो.

आपल्या चिकित्सालयात लसीकरणासाठी, सर्दी-खोकल्यासाठी वा बाळगुटीची चौकशी करण्यासाठी येणाऱ्या सहा महिन्यांवरील प्रत्येक बालकाच्या मातेला तीन प्रश्न विचारण्याचा परिपाठ सभासदांनी ठेवावा : घट्ट अन्न सुरू झाले काय? चहा देता काय? सिरप चालू आहे काय? या प्रश्नांना अर्धे मिनिट लागते. स्वस्थाच्या स्वास्थ्याचे रक्षण हे आपल्या शास्त्राचे पहिले प्रयोजन आहे, आणि आतुराच्या विकाराचे प्रशमन त्यानंतरचे. शिशूच्या बाबतीत हा क्रम उलटा झाला, तर पुढे कोणताही लोहकल्प तो सुलटा करू शकत नाही.