नाव बदललेला सिनेमा

चाकणला कंपन्यांच्या बसगाड्यांच्या वर्दळीत संग्रामदुर्गाचे अवशेष उभे आहेत. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्तेखानाच्या प्रचंड फौजेला इथं जवळजवळ दोन महिने झुंजवलं. अशा लढायांचा सिनेमा पाहताना अंगावर काटा येतो, हो ना? पण सिनेमाला कधी सरकार घाबरेल का?

घाबरलं होतं! १९३० साली कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीनं शिवरायांवर मूकपट काढला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, शिवरायांची भूमिकाही त्यांचीच. नाव ठेवलं 'स्वराज्याचे तोरण'. त्याच वर्षी गांधीजींची दांडीयात्रा निघाली होती. मग काय, 'स्वराज्य' हा शब्दच इंग्रजांच्या सेन्सॉरला खुपला! नाव बदलून 'उदयकाल' करावं लागलं. झेंडा फडकवण्याच्या प्रसंगालाही कात्री लागली.

गंमत बघा! गोष्ट जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वीची. पण प्रेक्षक तिच्यात आपलाच काळ पाहणार, हे साहेबानं बरोबर ओळखलं होतं.

एखाद्या रविवारी आईबाबांबरोबर संग्रामदुर्ग पाहून या. येताना विचार करा : यावर तुम्ही सिनेमा काढलात, तर त्यातून आजच्या लोकांना काय सांगाल?