रिओ ग्रांदेच्या दोन्ही काठांवर

मेक्सिकोत लग्नाची मेजवानी रंगात आली की डीजे 'पायासो दे रोदेओ' लावतो. मग सुटातले काका, उंच टाचांच्या करवल्या, शाळकरी पोरं, सगळे रांगा धरून एका ठेक्यात पावलं टाकू लागतात. 'काबायो दोरादो' या बँडचं हे गाणं अंगाखांद्याने काउबॉय, भाषेने पक्कं मेक्सिकन. याच बँडचं 'नो रोम्पास मास' हे तर 'एकी ब्रेकी हार्ट' या अमेरिकन कंट्री गाण्याचं स्पॅनिश रूप. नाचणाऱ्यांना त्याचं काही देणंघेणं नसतं.

सध्या 'मेक्सिकन संगीतात कंट्रीची भेसळ' असा गाजावाजा चालू आहे, पण ही भेसळ जुनी आहे. मुळात टेक्सास १८४५ साली अमेरिकेत गेलं आणि १८४८च्या तहाने रिओ ग्रांदे नदी सरहद्द ठरली. गुरं राखणारे, त्यांची गाणी आणि प्रेमभंगाची दुःखं मात्र दोन्ही काठांवर तशीच राहिली. एकोणिसाव्या शतकात जर्मन आणि चेक वसाहतकऱ्यांनी या मुलखात पोल्का आणि अकॉर्डियन आणलं. युरोपातून आलेली पेटी आपल्या कीर्तनात रुळली, तसंच ते तिथे रुळलं. १९३०च्या दशकात नार्सिसो मार्टिनेझने अकॉर्डियनची डाव्या हाताची खर्जाची बाजू जवळपास सोडून दिली. ते काम सांतियागो आल्मेइदाच्या 'बाहो सेक्स्तो' या बारा तारांच्या गिटारकडे गेलं आणि उजवा हात सुरावटीसाठी मोकळा झाला. टेक्सासमधल्या मेक्सिकन वादनाचा तोंडवळा तिथून ठरला.

उलट दिशेची कथा अधिक गमतीची आहे. पुरुषांना बोकडाच्या ग्रंथी बसवून तारुण्य परत देण्याचा दावा करणारा जॉन ब्रिंकली नावाचा एक 'डॉक्टर' कॅन्सासमध्ये होता. तिथला रेडिओ परवाना गेल्यावर त्याने नदीपलीकडे, मेक्सिकोतल्या व्हिया आकुन्यात, प्रचंड ताकदीचं केंद्र उभारलं. अमेरिकेचा कायदा तिथे पोचत नव्हता, आवाज मात्र अर्ध्या अमेरिकेत पोचत होता. औषधांच्या जाहिराती ऐकवायच्या तर मधे गाणी हवीत, म्हणून १९३८ पासून कार्टर फॅमिली तिथे गाऊ लागली. कंट्री संगीताचं हे आद्य घराणं घराघरांत पोचलं ते मेक्सिकोतून! त्याच घरातली जून कार्टर लहानपणी या केंद्रावर गायली. पुढे तिने सहलेखन केलेल्या 'रिंग ऑफ फायर'ला जॉनी कॅशने १९६३ साली मारियाची थाटाचे ट्रम्पेट जोडले.

मेक्सिकन गायकाला मात्र नदी ओलांडणं सोपं नव्हतं. टेक्सासच्या सान बेनितोतल्या बाल्देमार ह्युर्ताने गोऱ्या श्रोत्यांसाठी 'फ्रेडी फेंडर' हे नाव घेतलं. 'फेंडर' हे गिटार-अ‍ॅम्प्लिफायरच्या ब्रँडवरून उचललेलं. मधे गांजाच्या गुन्ह्यात तुरुंगवास झाला, सुटल्यावर गॅरेजमध्ये गाड्या दुरुस्त करून पोट भरलं. १९७५ साली 'बिफोर द नेक्स्ट टिअरड्रॉप फॉल्स'ने कंट्री आणि सर्वसाधारण अशा दोन्ही याद्यांत पहिला क्रमांक गाठला. त्यातलं एक कडवं स्पॅनिशमध्ये आहे आणि माझ्या कानाला गाण्याचा जीव त्याच कडव्यात आहे. १९८८ साली फ्लाको हिमेनेझचं अकॉर्डियन 'स्ट्रीट्स ऑफ बेकर्सफील्ड' या गाण्यातून कंट्रीच्या अव्वल स्थानी वाजलं.

आता आघाडीवर आहे सोनोरा राज्यातल्या एर्मोसिओचा कारिन लेओन. खरखरीत, सोलकडे झुकणारा त्याचा आवाज. २०२४ साली तो नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या कंट्रीच्या जुन्या मानाच्या मंचावर गायला, त्याच वर्षी केन ब्राउन या कंट्री गायकाबरोबर त्याचं द्वैभाषिक गाणं आलं. अशा जोडगाण्यांत कधीकधी कंपन्यांच्या हिशेबाचा वास येतो हे खरं. दोन्ही गायक आपापला श्रोतावर्ग घेऊन येतात आणि गाणं मधेच कुठेतरी गुळगुळीत होतं. पण लेओन एकटा, गिटार आणि घोगऱ्या गळ्यासह गातो तेव्हा कंट्री कुठे संपलं आणि मेक्सिकोचं रांचेरा संगीत कुठे सुरू झालं, हे शोधत बसावंसं वाटत नाही. दारू, दुरावा, तीन मात्रांचा झोका हे दोन्हीकडचं सामाईकच आहे. २०२५ साली कोडी जॉन्सन या टेक्सासच्या गायकाने त्याच्याबरोबर एक गाणं केलं. जॉन्सन गाण्यात येण्यापूर्वी रोडिओत बैलांवर बसत असे, आणि तो खेळही टेक्सासने मेक्सिकन गुराख्यांकडूनच उचललेला.