गुन्हा नोंदवू नका, गुण मिळवा!

देशाचा विकास किती झाला हे मोजणारी पट्टी कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न आपल्या समाजात फारसा विचारला जात नाही. आम्हास तो विचारावासा वाटतो. कारण ‘शाश्वत विकास’ या गोंडस नावाखाली सरकार दर एक-दोन वर्षांनी स्वतःच स्वतःला गुण देत आहे आणि ते गुण वाढतच चालले आहेत. नीती आयोगाच्या निर्देशांकात २०१८ साली देशाला १०० पैकी ५७ गुण होते. २०२०-२१ ला ते ६६ झाले आणि २०२३-२४ ला ७१!

या प्रकरणाची सुरुवात १९९२ च्या रिओ परिषदेत झाली. प्रत्येक देशाने आपले राष्ट्रीय धोरण आखावे असे तेथे ठरले. २००२ च्या जोहान्सबर्ग परिषदेने त्यासाठी २००५ ची मुदत घातली. पुढे सप्टेंबर २०१५ मध्ये १७ ध्येये आणि १६९ लक्ष्ये जगाने मान्य केली. आता प्रत्येक देश आपला अहवाल आपणच लिहितो आणि न्यूयॉर्कला जाऊन वाचून दाखवितो. भारताने २०१७, २०२० आणि २०२५ अशा तीन वेळा तो वाचला. अहवाल ऐच्छिक असल्याने संयुक्त राष्ट्रसंघ त्यावर पास-नापास असा शेरा मारीत नाही.

सगळेच देश एवढ्यावर थांबत नाहीत. जर्मनीने २००२ साली आपले धोरण केले आणि ते तपासण्यासाठी २००९, २०१३ व २०१८ अशा तीन वेळा परदेशी तज्ज्ञांना घरी बोलावले. वेल्ससारख्या चिमुकल्या देशाने २०१५ साली कायदाच केला आणि पुढच्या पिढ्यांच्या वतीने सरकारला जाब विचारणारा आयुक्त नेमला. आमच्याकडे मात्र धोरण राबविणारे सरकार आणि परीक्षकही सरकारचाच आयोग!

आता उत्तरपत्रिका उघडून पाहू. दहावे ध्येय विषमता कमी करण्याचे आहे. २०२०-२१ च्या निर्देशांकात या ध्येयासाठी ज्या गोष्टी मोजल्या, त्यात एक होती अनुसूचित जातींवरील गुन्ह्यांचे दर लाख लोकसंख्येमागील प्रमाण. वरवर पाहता कोणालाही आनंद वाटेल की, चला, आमची दखल घेतली. परंतु हे प्रमाण पोलिसांनी नोंदविलेल्या गुन्ह्यांवरून निघते, आणि गुन्हे कमी तर गुण जास्त. गावात अत्याचार झाला की फिर्याद कशी घेतली जाते हे वाचकांना आम्ही सांगायला नको. ठाणे अंमलदार ‘एन. सी.’ करून वाटेला लावतो, पुढारी मध्यस्थीला येतात, बहिष्काराची भीती दाखवितात आणि प्रकरण मिटते. कागदावर गुन्हा नाही. म्हणजे जे राज्य तक्रार दाबते ते वर चढते, आणि जेथे माणसे धीर करून ठाण्यात जातात व गुन्हा नोंदवून घेतात ते खाली घसरते. ही परीक्षा कोणाला उत्तेजन देते?

त्याच ध्येयात आणखी एक मोजणी होती: विधानसभेतील अनुसूचित जाती-जमातींच्या जागांची टक्केवारी. या जागा घटनेच्या ३३२ व्या कलमाने राखीव आहेत. बाबासाहेबांनी घटनेत जे लिहून ठेवले ते कोणत्याही मुख्यमंत्र्याची कर्तबगारी कशी होते? आणि इतके करूनही या ध्येयाचे गुण २०१८ च्या ७१ वरून २०२३-२४ ला ६५ वर घसरले. सरासरी वाढल्याच्या जाहिरातीत ही घसरण झाकली गेली.

सहाव्या ध्येयात, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेत, गुण ६३ वरून ८९ झाले. २०२०-२१ च्या यादीत शौचालये मोजली होती, हागणदारीमुक्त जिल्हे मोजले होते. गटारात उतरून गुदमरलेला सफाई कामगार त्या यादीत नव्हता. हाताने मैला साफ करण्याविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली गटारातील मृत्यूसाठी १० लाखांची भरपाई ठरविली आणि २०२३ साली ती ३० लाख केली. न्यायालयाला जो मृत्यू दिसतो तो आयोगाच्या पट्टीला का दिसू नये?

आकडे मिळत नाहीत ही सबब चालणार नाही. ॲट्रॉसिटी कायद्याच्या नियमांप्रमाणे मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीने वर्षातून किमान दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, बैठक घेतलीच पाहिजे. किती राज्यांत ती झाली? तपास साठ दिवसांत पुरा करून दोषारोपपत्र दाखल करायचे असते. किती प्रकरणांत झाले? कर्तव्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यावर कलम ४ खाली किती कारवाया झाल्या? हे सारे सरकारच्याच फायलींत आहे आणि हे मोजले तर गुन्हा दाबून गुण मिळणार नाहीत.

संयुक्त राष्ट्रांच्या १७.१८ या लक्ष्यात उत्पन्न, लिंग, वय, वंश, अपंगत्व अशा निकषांवर आकडेवारी वेगळी काढण्यास सांगितले आहे. त्यात जातीचा शब्द नाही. परंतु त्या त्या देशाला लागू पडणारी इतर वैशिष्ट्येही घ्यावीत, असे पुढे म्हटलेले आहे. भारताला लागू पडणारे असे वैशिष्ट्य कोणते, हे न्यूयॉर्कला अहवाल वाचणाऱ्यांना ठाऊक नाही असे आम्ही कसे मानावे?