कॉकटेल विकताय? मग पहिले पंधरा दिवस गिऱ्हाइकाला शिकवा



घरगुती पक्षीपालनाच्या व्हिडिओत आपण पिंजरा, जोडी, दाणा यांचा खर्च बघितला. एक मुद्दा मात्र त्यात नीट मावला नाही, आणि माझ्या मते या धंद्यातला खरा मुद्दा तोच आहे. म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

कॉकटिएल हे बरोबर नाव. पण बाजारात सगळे कॉकटेलच म्हणतात, तेव्हा आपणही तेच म्हणू. तुमच्या खांद्यावर बसून शीळ घालणारा कॉकटेल बघून गिऱ्हाईक खूश होतं, पैसे देतं, पक्षी घेऊन जातं. आणि तिसऱ्या दिवशी फोन येतो, "दादा, हा चावतोय हो! तुमच्याकडे तर किती शांत होता." गिऱ्हाईक खोटं बोलत नाही, आणि तुम्हीही त्याला फसवलेलं नाही. पक्षी माणसाळलेला होताच, पण त्याचा विश्वास तुमच्यावर होता. पिंजऱ्याबरोबर पक्षी दुसऱ्या घरी जातो, विश्वास जात नाही. हाताने भरवून वाढवलेल्या पिल्लाला माणसाची भीती कमी असते, त्यामुळे काम लवकर होतं. पण करावं लागतंच.

ते कोणी केलं नाही तर काय होतं? चावतो म्हणून पिंजऱ्यात हात घालणं बंद. मग पिंजरा बाल्कनीत. नीट सांभाळला तर हा पक्षी 15 ते 20 वर्षं जगतो. तेवढी वर्षं तो एकटा गजांकडे बघत काढणार. काही जण तर "मोकळा करतो बिचाऱ्याला" म्हणून सोडून देतात. वाटतं पुण्य केलं. पण हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा पक्षी. तिथून जिवंत देशी पक्ष्यांची व्यापारी निर्यात होत नाही, त्यामुळे आपल्याकडे विकले जातात ते पिंजऱ्यात पैदास झालेले. आपल्या शहरात दाणा कुठे शोधायचा, कावळ्यापासून कसं वाचायचं, त्याला काही ठाऊक नसतं. म्हणजे पक्षी गेला, आणि ते गिऱ्हाईक सोसायटीत दहा जणांना तुमचं नाव सांगणार ते वेगळंच.

म्हणून पक्ष्याबरोबर पहिल्या पंधरा दिवसांचं शिक्षण द्या. त्यासाठी आधी तुम्हाला पक्षी वाचता आला पाहिजे. कॉकटेलचं बरं असतं, डोक्यावरचा तुरा सगळं सांगतो. तुरा मागे सैल झुकलेला असेल तर पक्षी निवांत आहे. ताठ उभा असेल तर घाबरलाय किंवा कशाकडे तरी लक्ष लागलंय. डोक्याला चिकटवून फिस्स असा आवाज काढत असेल तर हात मागे घ्या, पुढची पायरी चावण्याची. "अचानक चावला" असं गिऱ्हाईक म्हणतं तेव्हा बहुतेक वेळा पक्ष्याने आधी सांगितलेलं असतं, समोरच्याने वाचलेलं नसतं. झोपेच्या आधी तो चोचीने कर्र-कर्र आवाज करतो, ते मात्र समाधानाचं लक्षण. लोक उगाच घाबरून फोन करतात, हे आधीच सांगून टाका.

पहिले दोन-तीन दिवस पिंजऱ्यात हात घालायचाच नाही, दाणा-पाणी आणि साफसफाई सोडून. पिंजरा एका बाजूने भिंतीला टेकलेला, साधारण नजरेच्या उंचीवर असावा. स्वयंपाकघरात अजिबात नको. नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या वाफेने पक्षी दगावतो. घरच्यांनी जवळ बसून पेपर वाचावा, हळू आवाजात बोलावं, एवढंच. रात्री खोलीत मंद दिवा ठेवायला सांगा. कॉकटेल अंधारात दचकून पिंजऱ्यात सैरभैर फडफडतो, त्यात पंख मोडायची भीती.

मग येतो राळा. राळ्याचं कणीस म्हणजे कॉकटेलचा पेढा! रोजच्या वाटीत ते द्यायचं नाही, फक्त हातातून द्यायचं. आधी गजांबाहेरून धरायचं. पक्षी तिथे बिनधास्त खायला लागला की दार उघडून हात आत, तोही खालून आणि सावकाश. वरून आलेला हात त्याला शिकारी पक्ष्यासारखा वाटतो. नंतर कणीस अशा ठिकाणी धरा की तिथे पोचायला त्याला बोटावर पाय ठेवावा लागेल. बोट पायांच्या किंचित वर, पोटाला अलगद टेकवायचं आणि दर वेळी एकच शब्द वापरायचा, "ये". चढला की लगेच राळा. एका वेळी पाच ते दहा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, बस्स. पक्षी तोंड फिरवून लांब सरकला की आजचा क्लास सुटला. कोणाकडे हे आठ दिवसांत होतं, कोणाकडे दोन महिने लागतात. तारीख देऊ नका.

बाहेर काढायच्या आधी पंखा बंद! आपल्या घरातला सीलिंग फॅन हा उडत्या पक्ष्याचा सगळ्यात मोठा शत्रू. खिडक्या बंद, आरशावर कपडा.

चावलाच तर ओरडायचं नाही, हात झटकायचा नाही, चोचीवर टिचकी तर मुळीच नाही. शांतपणे त्याला खाली ठेवायचं आणि आपण कुठे घाई केली ते बघायचं. पकडून, दाबून "सवय लावणारे" काही विक्रेते आहेत. काही जण पंख कातरून देतात, मग पक्षी हातावर गप्प बसतो. पळता येत नाही म्हणून तो बसलेला असतो. असा "टेम" पक्षी विकायचा मोह तुम्हाला होईल, कारण तो लवकर तयार होतो. पहिल्या फोनपर्यंत ठीक वाटतं.

विकतानाच खरं बोलणंही यातच येतं. बहुतेक शीळ आणि नक्कल नर करतो, मादी तुलनेने शांत असते. पण राखाडी रंगाच्या पिल्लात पहिली पिसं झडेपर्यंत नर-मादी दिसून कळत नाही. तेव्हा "नर आहे, बोलेल" असं छातीठोकपणे सांगू नका. कॉकटेलच्या अंगातून पांढरी भुकटी झडते. घरात कोणाला दमा आहे का, ते आधी विचारा. असेल तर ही विक्री सोडून द्या. आणि स्वतः दाणे फोडून खायला न लागलेलं पिल्लू कोणालाही देऊ नका, गिऱ्हाईक जास्त पैसे देत असलं तरी.

कागदपत्रांचं थोडक्यात. पक्षी विकायचे तर 2018 च्या पेट शॉप नियमांप्रमाणे राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. आणि आपला देशी हिरवा पोपट, "जोडीला ठेवा की" असं कोणी कितीही म्हटलं तरी ठेवायचा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 प्रमाणे तो गुन्हा आहे.

आता किंमत. समजा, पक्ष्यामागे तुमचे तीन तास या शिकवण्यात जातात. तासाचे शंभर धरले तर तीनशे रुपये. ते पक्ष्याच्या किमतीत मिसळून टाकू नका, बिलावर वेगळे लिहा : "पंधरा दिवसांचं मार्गदर्शन". त्यात दुकानात अर्धा तास प्रत्यक्ष दाखवणं, एक छापील पान, राळ्याची चार कणसं आणि तीन फोन. घासाघीस करणारं गिऱ्हाईक म्हणेल, "हे नको, नुसता पक्षी द्या." त्याला नाही म्हणायची तयारी ठेवा. घेणारी मंडळीच पुढे दाणा, समुद्रफेस, खेळणी तुमच्याकडून नेतात आणि मे महिन्यात गावी जाताना पक्षी तुमच्याकडेच सोडून जातात.

तीन फोन कधी? दुसऱ्या, सातव्या आणि पंधराव्या दिवशी. फोनवर "हातावर येतो का?" असं विचारू नका. गिऱ्हाइकाला परीक्षा दिल्यासारखं होतं आणि ते घाई करतं. विचारा, "ताई, तुम्ही खोलीत गेलात की त्याचा तुरा कसा असतो?" सैल, असं उत्तर आलं तर पुढची पायरी सांगा. अजून ताठच, असं आलं तर पुन्हा गजांबाहेरून राळा.