करवंटीचा कोळसा आणि रुसलेली मेथी

रेवदंड्याच्या नारळ-सुपारीच्या वाड्यांत करवंट्या, सोडणं आणि वाळक्या झावळ्या यांना काही तोटा नाही. चुलीत घातल्या की उरते चिमूटभर राख. पण त्याच करवंट्या झाकणाच्या डब्यात, हवा जवळजवळ लागू न देता तापवल्या तर? पुरतं जळायला ऑक्सिजनच नाही! मग होतो काळा, हलका, ठणठणीत कोळसा. शेतासाठी केलेल्या अशा कोळशाला म्हणतात बायोचार.

त्याच्या अंगभर छिद्रं असतात, साध्या भिंगातूनही दिसणार नाहीत इतकी बारीक. किनाऱ्यावरच्या रेताड जमिनीत पाणी ठरत नाही, तिथे ही छिद्रं ते धरून ठेवतात. पाण्याच्या कितीतरी फिल्टरांतही करवंटीचाच कोळसा असतो, माहितेय?

मग टाका की वाडीत टोपल्याच्या टोपल्या! अहं. आधी सांगा, डब्यात काय काय घातलं होतं?

समजा, करवंट्यांबरोबर जुन्या होडीची एक निळी फळी गेली. होडीच्या बुडाला शंख-शिंपल्यांसारखे जीव चिकटू नयेत म्हणून पुष्कळदा तांबं असलेला रंग देतात. लाकूड तापलं की त्यातला बराच भाग वाफ आणि धूर होऊन निघून जातो. तांबं कुठे जाणार? दूध आटवलं की पाणी उडतं आणि दुधातली साखर मागेच राहते, तसंच हे. चार किलो लाकडाचा एक किलो कोळसा झाला, तर चार किलोतलं जवळजवळ सगळं तांबं त्या एका किलोत! झाडाला तांबं लागतं, पण अगदी कणभर. जास्त झालं की मुळं आखूड आणि जाड होतात, पानं पिवळी पडतात. हा झाला पहिला चोर.

दुसरा चोर म्हणजे धूर. त्याला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, तर तो थंड होताना डांबरासारखा कोळशावरच बसतो. त्यातली काही रसायनं बी रुजूच देत नाहीत. हा चोर ओळखायला सोपा आहे: कोळसा बोटांवर चोळा. नुसत्या पाण्याने काळं गेलं तर ठीक. बोटं तेलकट राहिली आणि साबण लावावाच लागला, तर डांबर आहे म्हणून समजा.

तिसरं मीठ, आपलं किनाऱ्यावरचं! भरतीबरोबर वाहून आलेल्या लाकडात ते मुरलेलं असतं. खारट मातीतून मुळांना पाणी ओढून घेणं जड जातं. माती ओली, तरी रोप तहानलेलं.

आता चोर पकडूया. डबा तापवायचं काम मोठ्यांचं. आपल्याला हवा फक्त गार झालेला कोळसा. तीन ताटल्या घ्या. पहिलीत नुसती माती, दुसरीत माती आणि कोळशाचा चुरा, तिसरीत तोच चुरा, पण दोन दिवस भिजवून, पाणी बदलत धुतलेला. प्रत्येकीत मेथीचे दहा-दहा दाणे पेरा. आठवड्याने रोपं हलकेच उपटून मुळं पट्टीवर मोजा. फक्त दुसऱ्या ताटलीतली मेथी रुसली, तर चोर पाण्याने धुऊन जाणारा आहे: बहुधा मीठ किंवा कोळशातल्या राखेचा खार. तिसरीतलीही मुळं खुरटली, तर मिठावरचा आळ बहुतेक टळला. आता संशय धुरावर आणि त्या निळ्या फळीवर.