पिल्लांची नावं आणि पहिलीचं इंग्रजी

इंग्रजी व्याकरणाच्या बहुतेक गाइडांत शेवटच्या पानांवर एक तक्ता असतो. डावीकडे प्राणी, उजवीकडे त्याचं पिल्लू. काऊ–काफ, डॉग–पपी, कॅट–किटन इथपर्यंत गाडी बरी चालते. मग येतात गूज–गॉझलिंग, स्वान–सिग्नेट, हेअर–लेव्हरेट. पहिली-दुसरीतलं मूल हा तक्ता पाढ्यांसारखा घोकतं, चाचणीत जोड्या लावतं आणि दिवाळीच्या सुट्टीत विसरून जातं. विसरलं तर त्याला दोष देण्यात अर्थ नाही. जो हंस त्यानं चित्राबाहेर पाहिलेला नाही, त्याच्या पिल्लाचं इंग्रजी नाव सहा वर्षांच्या मुलानं कशासाठी सांभाळून ठेवावं?

आपल्याकडे मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधी ते पाचवीत भेटायचं. पाचवीतल्या मुलाला लिहिता-वाचता येत असे, त्यामुळे फळ्यावर शब्द, शेजारी अर्थ, खाली स्पेलिंग अशी पद्धत कशीबशी निभावत होती. पहिलीतलं मूल अजून मराठी अक्षरंच जुळवत असतं. त्याच्यापुढे इंग्रजी आणलं, पण अनेक वर्गांत शिकवण्याची सवय मात्र पाचवीचीच राहिली. त्या सवयीतूनच हा तक्ता खालच्या वर्गांत उतरला. विषयाची निवड चुकलेली नाही हं. प्राणी आणि त्यांची पिल्लं यांच्याइतका या वयाला मानवणारा विषय क्वचितच सापडेल. त्यात चित्र आहे, आवाज आहे, नक्कल करायला जागा आहे, आणि मुलांना पिल्लांचं वेड असतंच. गडबड आहे ती शिकवण्यात.

या बाबतीत एक जुना प्रयोग फार बोलका आहे. जीन बर्को या अमेरिकन भाषाभ्यासक बाईंनी १९५८ साली चार ते सात वर्षांच्या इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना एका काल्पनिक, पक्ष्यासारख्या प्राण्याचं चित्र दाखवलं आणि त्याचं नाव ‘वग’ असं सांगितलं. दोन असतील तर काय म्हणाल, हा त्यांचा गाजलेला प्रश्न. मुलांना ‘वग्ज’ सहज जमलं. पण आणखी एक प्रश्न होता, ज्याची चर्चा कमी होते. अगदी इवल्याशा वगला काय म्हणाल? हाच प्रश्न विचारलेल्या मोठ्या माणसांपैकी अनेकांनी ‘वगलेट’, ‘वगलिंग’ अशी शेपटी लावून नवे शब्द घडवले. मुलांनी तसं केलं नाही. त्यांची उत्तरं होती ‘बेबी वग’, ‘लिटल वग’.

म्हणजे ज्यांच्या घरात इंग्रजीच बोललं जातं, त्या मुलांनाही डकलिंग किंवा पिगलेटच्या धर्तीवर शब्द घडवणं त्या वयात सुचत नाही. ती बेबी जोडून मोकळी होतात. मग खटाव किंवा कळमनुरीतल्या एखाद्या मुलीनं बदकाच्या पिल्लाला ‘बेबी डक’ म्हटलं, तर तिच्या वहीवर लाल फुली कशासाठी? तिचं म्हणणं समजलं, शब्द बरोबर जुळले. पहिलीच्या इंग्रजीकडून याहून जास्त काय हवं?

सुरुवातीला पाच-सहा नावं पुरतात. पपी, किटन, काफ, किड, लॅम आणि चिक. यांतली बहुतेक पिल्लं आपल्या गल्लीत, गोठ्यात, बाजारात किंवा धनगरांच्या वाड्यावर दिसतात. शिवाय यातले काही शब्द पुढे भरपूर कामाला येतात. काफ जसं गाईचं तसंच म्हशीचं, हत्तीचं आणि देवमाशाचंही. चिक कुठल्याही पक्ष्याच्या पिल्लाला चालतं. पुढच्या टप्प्यावर कब आणलं की सिंह, वाघ, अस्वल एका शब्दात उरकतात. इतकं झालं की राणीच्या बागेत किंवा कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात मूल कुठेही अडत नाही. लेव्हरेटचं म्हणाल, तर रानातल्या सशाच्या पिल्लाचा हा शब्द रोजच्या बोलण्यात फारसा कानावर पडत नाही. गाइडं सशापुढे ‘बनी’ लिहून मोकळी होतात, तेही चूकच. बनी हे कोणत्याही वयाच्या सशाचं लाडाचं नाव आहे.

खरं तर या बाबतीत मराठी मूल श्रीमंत असतं, निदान असायला हवं. गाईचं वासरू, त्यात मादी ती कालवड, नर तो गोऱ्हा. म्हशीचं रेडकू, आणि त्यातही मादी असेल तर वगार. शेळीचं करडू, मेंढीचं कोकरू, घोड्याचं शिंगरू, हरणाचं पाडस. ज्या मुलाला लांबूनच कालवड आणि गोऱ्हा ओळखता येतो, त्याला पिल्लाचं नाव आईहून वेगळं असतं ही कल्पना समजावण्याची गरजच नाही. त्याला फक्त नवा आवाज द्यायचा. अडचण शहरातल्या मुलाची आहे. ते सगळ्यांनाच ‘पिल्लू’ म्हणतं, अगदी ‘गाईचं पिल्लू’सुद्धा. त्याला आधी वासरू आणि करडू द्यावं, मग काफ आणि किड. मराठी नाव आधी दिल्यानं इंग्रजी मागे पडत नाही, उलट त्याला टेकायला जागा मिळते.

व्याकरणातही एक गंमत आहे. वासरू, रेडकू, करडू, कोकरू, शिंगरू, पाडस, पिल्लू, सगळी नपुंसकलिंगी. आपण त्यांना ‘ते’ म्हणतो. इंग्रजीतलं ‘इट’ इथे आपोआप चपखल बसतं, त्यामुळे ‘इट इज अ लॅम’ हे वाक्य मराठी मुलाच्या तोंडी लवकर रुळतं. घरच्या लाडक्या कुत्र्याला मात्र इंग्रजीत ‘ही’ किंवा ‘शी’ म्हणतात, हे नंतर कळलं तरी चालेल.

उच्चाराची बाब जरा नाजूक आहे. आपली लिपी लिहिलं तसं वाचायची. त्यामुळे मुलानं स्पेलिंग आधी पाहिलं, की काफमधला मुका एल आणि लॅममधला मुका बी बोलू लागतात. ‘कल्फ’ आणि ‘लॅम्ब’ एकदा तोंडात बसले, की निघता निघत नाहीत. म्हणून पहिले काही आठवडे हे शब्द फक्त कानानं यावेत. पाटीवर नंतर.

कानाचं काम कसं करायचं, याची वाट जेम्स ॲशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात दाखवली. शिक्षकानं सूचना द्यायची, मुलानं ती अंगानं करून दाखवायची, बोलायची सक्ती नाही. ‘वॉक लाइक अ काफ’ म्हटलं की वर्ग लटपटत चालायला लागतो, ‘स्लीप लाइक अ किटन’ म्हटलं की अंगाचं मुटकुळं करून पडतो. मग ‘इज इट अ पपी?’ याला नुसतं येस किंवा नो. त्यानंतर ‘पपी ऑर किटन?’ असं दोनांतून एक निवडायचं. शब्द स्वतःहून उच्चारायची पाळी सगळ्यात शेवटी येते, तोवर तो इतक्या वेळा ऐकलेला असतो की अडखळायचं कारण उरत नाही. आवाजांचाही खेळ होतो. आपली गाय हंबरते, त्यांची ‘मू’ करते. आपला कोंबडा ‘कुकूचकू’ आरवतो, त्यांचा ‘कॉक-अ-डूडल-डू’. हा फरक ऐकून मुलं जी हसतात, त्यात शिकवण्याचं अर्धं काम होऊन जातं.

गोष्ट सांगायची तर पी. डी. ईस्टमन यांचं १९६० सालचं ‘आर यू माय मदर?’ हे पुस्तक याच वयासाठी आहे. अंड्यातून नुकतंच बाहेर पडलेलं पिल्लू आईला शोधत निघतं आणि मांजरीचं पिल्लू, कोंबडी, कुत्रा, गाय अशा भेटेल त्याला तोच प्रश्न विचारतं. तिसऱ्या प्राण्यापर्यंत वर्गातली मुलं तो प्रश्न स्वतःच विचारू लागतात. वाक्य न घोकता पाठ झालेलं असतं.

‘पेट्स’ हा धडा आपल्याकडे जास्तच घोटाळ्याचा ठरतो. आपल्या पाळीव प्राण्यांत गाय, बैल, शेळी, कोंबडी सगळी येतात. इंग्रजी पेट म्हणजे सोबतीसाठी, हौसेनं पाळलेला जीव. गाय-शेळी तिकडे फार्म ॲनिमलच्या खात्यात जातात. मग ‘माय पेट’ या विषयावर एखादा मुलगा आपल्या खोंडावर पाच ओळी लिहितो आणि चूक ठरतो. त्या खोंडाला नाव असतं, पोळ्याला त्याच्या शिंगांना बेगड लागतं, मुलगा त्याच्याशी गप्पा मारतो. पेटची व्याख्या याहून वेगळी काय असते? माझ्या मते हे उत्तर बरोबर धरावं. निदान सहा-सात वर्षांच्या वयात गोल्डफिशवर लिहायची सक्ती नको.

शाळेतलं शिकणं मुलाच्या रोजच्या जगाशी जोडायचं कसं, हा प्रश्न कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या शिक्षणतज्ज्ञांनी वेगळ्या टोकानं सोडवला होता. गुरं राखणारी आदिवासी मुलं शाळेत येऊ शकत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळाच कुरणावर नेली, तिचं नाव कुरणशाळा. तिथे पानं, बिया, दगड हीच शिकवण्याची साधनं होती. इंग्रजीसाठी आज तेच करता येईल. गावात जनावरांचा बाजार असतो, पशुवैद्यकीय दवाखाना असतो, कुणाच्या तरी गोठ्यात नवं वासरू असतं. तिथे अर्धा तास नेलेला वर्ग रंगीत तक्त्यापेक्षा जास्त शब्द घेऊन येतो. शहरात पिल्लं पाहायला गल्ली आहेच, फक्त व्यालेल्या कुत्रीच्या जवळ मुलांना जाऊ देऊ नका, लांबूनच दाखवा.

पहिलीची तोंडी परीक्षा घेणाऱ्या शिक्षकांना एक विनंती. मुलानं करडाच्या चित्रावर बोट ठेवून ‘बेबी गोट’ म्हटलं, तर पूर्ण गुण द्या. ‘किड’ दुसरीत विचारता येईल.