झिजलेला पंप, डळमळतं आयडलिंग
कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यात अ‍ॅम्बेसेडर गाडीचं उत्पादन 2014 मध्ये थांबलं. तेव्हापासून कोलकात्यातल्या हौशी मालकांची भिस्त मल्लिक बाजारातल्या सुट्या भागांवर आणि मुरलेल्या मेकॅनिकवर. या गाडीच्या इंजिनाला लागून असलेल्या एसी बनावटीच्या इंधन पंपाचा डायफ्रॅम चिरला, की पेट्रोल थेट ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर गाडी जागीच बंद करावी. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगं खातं. कार्ब्युरेटरच्या थ्रॉटल स्पिंडलचं भोक झिजून लांबट होतं, तिथून हवा शिरते आणि आयडलिंग डळमळतं. भोक रीमरने सारखं करून पितळी बुश बसवावा. मूळ कार्ब्युरेटर फेकून देण्याची घाई अजिबात नको! आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्यामुळे डायफ्रॅम आणि नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्याच घ्याव्यात.